साप सातबारा पाहून चावत नाही

(मृगाआधी वाशीम जिल्ह्यातल्या वस्ती-बेड्यांच्या कार्यकर्त्यांचं एक दिवसाचं शिबिर झालं. त्यात संघटनेच्या वतीनं केलेल्या मांडणीचा हा मजकूर. बोललो तसाच ठेवला आहे, थोडी काटछाट केली आहे. ज्यांना येता आलं नाही त्यांना वाचून दाखवावा.)



आज आपण जमिनीच्या दाव्यांसाठी जमलो आहोत. तरी सुरुवातीला आम्ही साप, ईज आणि पाणी यांच्यावर बोलणार आहोत. सकाळीच एका बुढ्यानं विचारलं, "काहो, दाव्याचं सोडून हे काय काढलं?" म्हणून आधी एक घडलेली गोष्ट सांगतो. मग तुम्हीच ठरवा हे दाव्याचं आहे की नाही.

एका नाल्याच्या दोन काठांवर दोन वावरं आहेत. अलीकडचं सातबाऱ्याचं, पलीकडचं ई-क्लासचं. दोन्हीकडं सोयाबीन. एकाच खरिपात दोन्ही घरांत साप चावून माणूस गेला. अलीकडच्या घरानं शेतकरी अपघात योजनेत अर्ज केला. गोपीनाथ मुंडे यांच्या नावाची ही योजना आहे. तिच्यात सर्पदंश बसतो, खातेदार शेतकरी किंवा त्याच्या घरातलं माणूस दगावलं तर दोन लाख रुपये मिळतात. त्या घराला ते मिळाले आणि मिळायलाच पाहिजे होते. पलीकडची बाई लेकरू कडेवर घेऊन त्याच टेबलापुढं उभी राहिली. तिला सांगितलं, "तुमच्या नावानं वावर नाही, त मंग पैसे कसे भेटतीन?" ती परत आली आणि आम्हाला म्हणाली, "साप काय सातबारा पाहून चावते काय?"

या प्रश्नाला आमच्यापाशी उत्तर नव्हतं. दुसरी एक गोष्ट तर आणखी लाजेची आहे आणि ती आम्ही लपवणार नाही. तिचा नवरा रात्री दीडच्या सुमारास चावला गेला. पहाटे चारपर्यंत तो घरातच होता. आधी झाडा घातला, मग पायाला कच्चून दोरी बांधली, मग मोटारसायकल शोधली. पहिल्या दवाखान्यात औषध नव्हतं म्हणून पुढं पाठवलं. वाटेतच तो गेला. त्या वस्तीत आमची शाखा आहे. वीस वर्षं आम्ही तिथं मोर्चे काढतो, घोषणा शिकवतो. पण १०८ ला फोन करायचा, पायाला दोरी बांधायची नाही आणि औषध कुठल्या दवाखान्यात आहे ते पावसाळ्याआधीच विचारून ठेवायचं, हे आम्ही कधी सांगितलंच नव्हतं. दोन लाखांचा प्रश्न सरकारला विचारायचा आहेच. या अडीच तासांचा प्रश्न मात्र आपण आपल्यालाच विचारायला पाहिजे.

म्हणून आजचा विषय असा. संकटाची आगाऊ खबर देणारी, औषध बनवणारी, पाणी मोजणारी, बियाणं तपासणारी केंद्रं आपल्याच पैशानं चालतात. त्यांचं ज्ञान आपल्या वस्तीपर्यंत कसं आणायचं? आणि तिथं आपलं नाव लागत नसेल तर ते लावायचं कसं?

विषाचं केंद्र

सुरुवात सापापासूनच करू. आपल्याकडं जीव घेणारे साप मुख्यतः चार: नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं. या चारांच्या विषावर एकच लस चालते. ती घोड्यांच्या रक्तापासून बनवतात. घोड्याला थोडं थोडं विष टोचत जातात, त्याच्या रक्तात विषाला मारणारं द्रव्य तयार होतं, ते काढून शुद्ध करतात. मुंबईला परळमध्ये हाफकिन संस्था आहे. १८९९ साली प्लेगच्या लशीसाठी सुरू झालेली ती प्रयोगशाळा. महाराष्ट्रात सापाच्या लशीचं नाव निघालं की हाफकिनचं नाव निघतं, इतकं तिचं हे काम जुनं आहे.

पण घोड्याला टोचायचं विष येतं कुठून, हे पुस्तकात फारसं सांगत नाहीत. ते मोठ्या प्रमाणात येतं तमिळनाडूतल्या इरुळा आदिवासींकडून. इरुळा पिढ्यानपिढ्या साप पकडणारे. पूर्वी कातडीच्या धंद्यासाठी पकडत. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानंतर आणि पुढं कातड्याची निर्यात बंद झाल्यावर त्यांची भाकर गेली. तेव्हा १९७८ साली चेन्नईजवळ त्यांची सहकारी संस्था उभी राहिली. ते साप पकडतात, विष काढतात, सापाला परत जंगलात सोडतात. ते विष लस बनवणाऱ्या कंपन्यांना जातं. म्हणजे ज्याला आपण मोठ्या शास्त्रज्ञाचं औषध म्हणतो, त्याची सुरुवात एका आदिवासीच्या हातातल्या काठीपासून होते. केंद्रात जाताना मान खाली घालून जाऊ नका, एवढ्यासाठी हे सांगितलं. तिथल्या ज्ञानात आपल्या लोकांचाही वाटा आहे.

आता कामाचं. साप चावला तर चिरायचं नाही, चोखायचं नाही, दोरी आवळायची नाही. माणसाला चालवायचं नाही. हात-पाय मोडल्यावर फळी बांधतो तसा तो हात किंवा पाय स्थिर ठेवायचा, अंगठी-कडं-जोडवं काढून घ्यायचं आणि निघायचं. भगताला बोलवायचं असेल तर गाडीत बसवून सोबत न्या, आमची ना नाही. पण गाडी थांबवू नका. मण्यार रात्री अंथरुणात चावते. बहुतेक वेळा दुखत नाही, सूज येत नाही, डागही दिसत नाही. पहाटे पोट दुखतं, पापण्या जड होतात, जीभ अडखळते. "रात्री काही चावलं नाही" म्हणून घरी बसू नका. खाली झोपणाऱ्यानं मच्छरदाणी गादीखाली खोचून झोपलं तर मण्यारही बाहेर राहते आणि डासही.

घोणस चावली असेल तर डॉक्टर कोरड्या काचेच्या नळीत थोडं रक्त घेऊन वीस मिनिटं न हलवता ठेवतात. ते गोठलं नाही तर विष चढलं असं समजतात. एवढी साधी तपासणी लहान दवाखान्यातही होते. ती केली का, हे विचारायचा आपल्याला हक्क आहे.

तज्ज्ञ म्हणजे फक्त मोठी इमारत नाही, हेही लक्षात ठेवा. कोकणात महाडला डॉ. हिंमतराव बावस्करांनी लाल विंचवाच्या दंशावर रक्तदाबाची एक साधी गोळी वापरून पाहिली. नोंदी ठेवल्या, जगाला दाखवल्या. पूर्वी ज्या दंशानं लेकरं पटापट मरत, ती आता वाचतात. हे झालं एका तालुक्याच्या गावात, रोग्यांच्या खाटेशी बसून आणि वहीत लिहून. त्या वहीचा विषय आपण पुढं परत काढणार आहोत.

हवेचं केंद्र

दुसरं संकट ईज. मृगात आणि परतीच्या पावसात दरवर्षी बातमी येते: झाडाखाली उभे होते, गेले. हवामान खात्याचं प्रादेशिक केंद्र नागपूरला आहे. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेनं जागोजाग ईज पकडणारी यंत्रं बसवली आहेत. त्यांच्यावर चालणारं 'दामिनी' नावाचं ॲप फोनमध्ये घेता येतं. आपल्या भोवती २० ते ४० किलोमीटरच्या घेरात ईज पडत असली की ते इशारा देतं. वस्तीतल्या प्रत्येकाकडं तसा फोन नाही, आम्हाला माहीत आहे. पण दोन-तीन पोट्ट्यांकडं असतो. त्यांनी इशारा पाहिला की शाळेची घंटा वाजवायची किंवा थाळी बडवायची, एवढं ठरवून घ्या. वावरातल्या बाईपर्यंत ॲप पोचत नाही, थाळीचा आवाज पोचतो.

फोन नसला तरी मोजता येतं. ईज चमकली की एक, दोन, तीन असं मोजायला लागायचं. आवाज साधारण तीन सेकंदात एक किलोमीटर जातो. तीस मोजायच्या आत गडगडलं तर ती दहा किलोमीटरच्या आत आहे, काम सोडून पक्क्या घरात जायचं. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर यायचं नाही. घर दूर असेल तर एकट्या झाडाखाली जायचं नाही, घोळका करून उभं राहायचं नाही, विळा-कुदळ-छत्री खाली ठेवायची, पाय जोडून उकिडवं बसायचं, आडवं पडायचं नाही. ज्याच्यावर ईज पडली त्याच्या अंगात करंट राहत नाही, त्याला हात लावता येतो. श्वास थांबला असेल तर छाती दाबत राहायची आणि दवाखान्यात न्यायचं. त्याला शेणात किंवा मातीत पुरू नका. त्यात गेलेला वेळ परत मिळत नाही.

ईज पडून माणूस गेला तर वारसाला चार लाख मिळतात आणि तिथं सातबारा लागत नाही. ही मदत नैसर्गिक आपत्तीची आहे, जमिनीची नाही. तरी कित्येक घरं ती घेत नाहीत, कारण कोणी सांगितलंच नाही किंवा घाईनं अंत्यविधी उरकला. तलाठ्याला खबर, पोलिसाचा पंचनामा आणि शवविच्छेदन, या तीन गोष्टी झाल्याशिवाय प्रेत उचलू नका. हे सांगताना जीभ जड होते, पण सांगावं लागतं.

पावसाचं मोजमाप हा तिसरा मुद्दा, आणि इथं आपलं नुकसान फार होतं. सरकारच्या हिशेबात महसूल मंडळाच्या पर्जन्यमापकात चोवीस तासांत ६५ मिलिमीटरपेक्षा जास्त पाणी भरलं तर अतिवृष्टी. तो मापक मंडळाच्या गावात. आपली वस्ती आठ-दहा किलोमीटरवर टेकडीच्या मागं. ढग आपल्यावर फुटतो, तिथं पंधरा मिलिमीटर भरतं आणि कागदावर अतिवृष्टी होतच नाही. म्हणून वस्तीत आपला मापक ठेवा. सरळ भिंतीचा डबा, खाली-वर रुंदी सारखी असलेला, उघड्या जागी, जमिनीपासून कमरेएवढ्या उंच खुंट्यावर. रोज सकाळी साडेआठला पट्टीनं मोजायचा, वहीत लिहायचा, ओतून टाकायचा. सरकार त्याला मानणार नाही, असं तुम्ही म्हणाल. एका दिवसात मानणार नाही. पण तीन वस्त्यांच्या तीन वह्या एकाच तारखेला नव्वद मिलिमीटर सांगत असतील तर तहसीलदाराला निदान येऊन पाहावं लागतं. हात जोडून मागणं वेगळं आणि आकडा दाखवून मागणं वेगळं.

केंद्रावर सगळं सोडून बसता येत नाही, याचं ताजं उदाहरण सांगतो. देशात जिल्ह्याजिल्ह्यांत कृषी विज्ञान केंद्रांना जोडून हवामान सल्ल्याचे १९९ कक्ष उघडले होते. मंगळवारी आणि शुक्रवारी ते शेतकऱ्याला सल्ला पाठवत. २०२४ च्या सुरुवातीला ते बंद केले. माणसं घरी गेली. वरून आलेलं वरूनच बंद होतं. आपली वही मात्र कोणाला बंद करता येत नाही.

वावराचं आणि पाण्याचं केंद्र

आपल्या जिल्ह्याची रचना पाहा. काटेपूर्णा इथून निघते आणि उत्तरेला पूर्णा-तापीकडं जाते. पैनगंगा, अडाण, अरुणावती यांचं पाणी दक्षिणेला गोदावरीकडं जातं. म्हणजे आपण पाणलोटाच्या माथ्यावर बसलो आहोत. पाणी आपल्याकडून दोन्हीकडं निघून जातं. खाली काळा पाषाण, त्यात पाणी मुरायला जागा थोडी. म्हणून पावसाळ्यात नाला फुटतो आणि मार्चमध्ये हापशी खळखळते.

जमिनीखालचं पाणी मोजणारं सरकारी केंद्र म्हणजे भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा. ठरवलेल्या निरीक्षण विहिरींची पातळी ते वर्षातून चार वेळा मोजतात: ऑक्टोबर, जानेवारी, मार्च आणि मे. आधीच्या वर्षांच्या सरासरीशी ताडून कुठं टंचाई येणार याचा अंदाज देतात. त्यावर जिल्ह्याचा टंचाई आराखडा बनतो, तोही ऑक्टोबरपासून, तीन टप्प्यांत. म्हणजे एप्रिलमध्ये टँकर कुठं जाणार याचं लिखाण दिवाळीच्या आसपास सुरू होतं. आपण घागरी घेऊन मोर्चा काढतो तो मे महिन्यात! तोपर्यंत आराखडा बंद झालेला असतो. त्यात मूळ गावाचं नाव असतं, आपल्या वस्तीचं नसतं. टँकर येतो आणि गावाच्या विहिरीत रिकामा होतो.

म्हणून यंदा मोर्चा ऑक्टोबरमध्ये, आणि हातात घागर नाही तर दोरी. गाठी मारलेली दोरी, दर हाताला एक गाठ. वस्तीच्या विहिरीत महिन्याच्या पहिल्या तारखेला सोडायची, पाणी किती गाठींवर लागलं ते लिहायचं. भूजलवाल्यांच्या शास्त्राचं मूळ हेच आहे. ग्रामसभेत ठराव घ्यायचा: अमुक वस्ती, इतकी घरं, इतकी माणसं, इतकी ढोरं, विहीर इतक्या गाठींनी खाली, आराखड्यात वस्तीचं नाव स्वतंत्र घ्यावं. ठरावाची प्रत पंचायत समितीत द्यायची आणि पोच घ्यायची.

बियाण्याचं संकट लहान दिसतं पण घर बुडवतं. दुबार पेरणी म्हणजे सावकाराच्या दारात दुसरी फेरी. रिसोड तालुक्यात करड्याला कृषी विज्ञान केंद्र आहे, अकोल्याला १९६९ पासून पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ आहे. तिथं शिकवतात त्या गोष्टी अवघड नाहीत. घरचं सोयाबीन पेरायचं असेल तर शंभर दाणे मोजून ओल्या गोणपाटात गुंडाळा आणि चार-पाच दिवसांनी उगवलेले मोजा. सत्तर उगवले तर बियाणं चांगलं. कमी असतील तर त्या हिशेबानं जास्त पेरा, फारच कमी असतील तर पेरू नका. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरणी नाही, आणि इथंही तो वस्तीतला डबाच कामाला येतो. रुंद वरंबा-सरीवर पेरलं तर जास्त पाण्यात पीक सडत नाही आणि उघडीप पडली तर ओल टिकते.

या केंद्रांची प्रशिक्षणं चालतात, तिथं हजेरीचा कागद असतो. "ई-क्लासवाल्याला इथं कोण विचारते," असं म्हणून आपले लोक जात नाहीत. जा. नाव, गाव, किती एकर वाहतो, सगळं लिहा. त्याचा उपयोग शेवटी सांगतो.

यादीत नसलेली गावं

आता दोन गावांची नावं घेतो. ती आपल्या जिल्ह्यातली नाहीत, पण आपली आहेत. माळीण, तालुका आंबेगाव, जिल्हा पुणे. महादेव कोळी आदिवासींचं गाव. ३० जुलै २०१४ ला सकाळी डोंगर खाली आला, दीडशेच्या वर माणसं गाडली गेली. बाहेरच्या जगाला कळलं ते एसटीच्या ड्रायव्हरमुळं. तो रोजच्या ठिकाणी आला आणि त्याला गावच दिसेना. दुसरं इर्शाळवाडी, रायगड जिल्ह्यात, ठाकर आदिवासींची वाडी. १९ जुलै २०२३ च्या रात्री डोंगर आला. २७ मृतदेह सापडले, ५७ माणसं सापडलीच नाहीत. तिथं गाडीरस्ता नव्हता, मदतीला गेलेले चढून पायी गेले. आणि दरडीचा धोका असलेल्या गावांची जी यादी होती, तिच्यात या वाडीचं नाव नव्हतं. हे सरकारनंच सभागृहात सांगितलं.

माळीणनंतर नऊ वर्षं गेली होती. यादी करणारे तज्ज्ञ शिकलेले होते, नकाशे होते, उपग्रह होते. तरी वाडी राहून गेली. आम्ही त्या तज्ज्ञांना शिव्या देत नाही. आमचं म्हणणं एवढंच आहे की नकाशा वरून काढला तर घरं दिसतात, पण कोणत्या वर्षी कुठून पाणी फुटलं, कुठं भेग पडली, हे फक्त तिथला माणूस सांगू शकतो. त्याला विचारलं नाही आणि त्यानंही जाऊन सांगितलं नाही तर शास्त्र अर्धं राहतं. आपल्याकडं दरडी कोसळत नाहीत. पण नाल्याकाठची बेड्यावरची घरं आहेत, वाऱ्यात उडणारे टिनाचे छप्पर आहेत, पावसाळ्यात चार दिवस तुटणारी वस्ती आहे आणि तिथं नववा महिना भरलेली बाई आहे. जिल्ह्याच्या आपत्ती आराखड्यात यातलं काय लिहिलं आहे? जाऊन वाचायला पाहिजे.

याच्या उलट एक चांगलं उदाहरणही सांगतो, नाहीतर आम्ही फक्त रडगाणं गातो असं होईल. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांची 'सर्च' ही संस्था आहे. तिथं नवजात लेकरं फार मरत होती, दवाखाना लांब. त्यांनी गावातल्याच कमी शिकलेल्या बायांना शिकवलं: लेकराचा श्वास कसा मोजायचा, ऊब कशी द्यायची, कोणत्या खुणा दिसल्या की धोका समजायचा, औषध कसं द्यायचं. मोजणी येत नसेल त्यांच्यासाठी मण्यांचं साधं साधन बनवलं. ३९ गावांत हे केलं आणि तीन वर्षांत नवजात मृत्यू निम्म्याहून जास्त कमी झाले. १९९९ साली ते जगातल्या मोठ्या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. आज आशाताई बाळंतिणीच्या घरी येऊन लेकराचं वजन करते, त्याच्या मागं हा अनुभव आहे. चांगलं केंद्र आणि वाईट केंद्र ओळखायची आमची खूण यावरून ठरली. चांगलं केंद्र आपलं ज्ञान वस्तीतल्या माणसाच्या हातात ठेवून जातं. वाईट केंद्र एक बॅनर आणि फोटो घेऊन जातं.

मग जमिनीचं काय?

बुढेबाबा, आता तुमचा प्रश्न. आपत्ती व्यवस्थापन कायदा २००५ चा आहे. जिल्ह्याच्या प्राधिकरणाचे अध्यक्ष जिल्हाधिकारी असतात आणि जिल्हा परिषदेचे अध्यक्ष सहअध्यक्ष. जिल्ह्याचा आराखडा करणं त्यांच्यावर बंधनकारक आहे. त्याच कायद्याच्या कलम ६१ प्रमाणं मदत आणि भरपाई देताना लिंग, जात, समाज, वंश, धर्म यावरून भेदभाव करता येत नाही. जमिनीच्या कागदावरून होणारा भेदभाव त्यात लिहिलेला नाही, आणि आपण नेमके त्या फटीत पडतो. ई-क्लास कोण वाहतं? आंध, पारधी, भूमिहीन. म्हणजे सातबाऱ्याच्या नावानं होतो तो जातीचाच भेदभाव आहे. हा मुद्दा आपण निवेदनात मांडायचा.

दुसरं. वनजमिनीच्या दाव्याला १३ डिसेंबर २००५ च्या आधीचा ताबा लागतो. गायरानाला १९९१ च्या शासन निर्णयाप्रमाणं १४ एप्रिल १९९० च्या आधीचा. जुना ताबा जुन्या कागदानंच सिद्ध होईल: दंडाची पावती, जुनी नोटीस, बुढ्या माणसांचे जबाब, वावरातली विहीर, बांध. पण अधिकारी विचारतो, "आज जमीन कोण वाहते?" तेव्हा आजचा कागद लागतो. आणि आजचा कागद कुठं तयार होतो? संकटात. गारपिटीनंतर केलेला अर्ज आणि त्याची पोच, कृषी केंद्राच्या हजेरीतलं नाव, पावसाची वही, विहिरीच्या गाठींचा ठराव, दवाखान्याच्या नोंदीत 'शेतात साप चावला' हे वाक्य. यातला एक कागद काही सिद्ध करत नाही. दहा वर्षांचे कागद एका पिशवीत असले तर बोलायला लागतात.

तलाठी पंचनाम्याला आपल्या वावरात येत नसेल तर आपला पंचनामा आपण करायचा. नुकसान झाल्यापासून तीन दिवसांच्या आत. पाच पंच, त्यात दोन बाया आणि एक सातबारावाला शेजारी. चतुःसीमा, पीक, किती नुकसान, तारीख, सह्या-अंगठे, फोटो. वर अर्ज: 'सातबारा नसला तरी प्रत्यक्ष वहिती आमची आहे, नुकसान पाहावं.' एक प्रत तहसीलला, एक ग्रामपंचायतीला, एक पिशवीत. नामंजूर झाला तर नामंजुरीही लेखी मागायची. ती पण पिशवीत.

आता ठरलेली कामं. मृग निघायच्या आत प्रत्येक वस्तीनं करायची:

१. दोन माणसं निवडायची, त्यात एक बाई. त्यांनी प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन सापाची लस किती आहे, रात्री कोण असतं, नसेल तर पुढं कुठं जायचं, हे विचारून लिहून आणायचं.

२. रात्री निघू शकणाऱ्या दोन गाड्यांचे मालक आणि त्यांचे नंबर. १०८ सोबत हे नंबर कोळशानं भिंतीवर लिहायचे. या अंकाच्या मागच्या पानावर त्यासाठी जागा कोरी सोडली आहे, ते पान फाडून शाळेत चिकटवा.

३. पावसाचा डबा, गाठींची दोरी आणि एक वही. वही शाळेतल्या मोठ्या पोरीकडं द्या. ती चुकवत नाही, हा आमचा अनुभव आहे.

४. कृषी केंद्राच्या पुढच्या प्रशिक्षणाला वस्तीतून चार जण.

५. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात वह्या आणि ठराव घेऊन सगळ्या वस्त्या एकत्र जिल्हा कचेरीवर. मागण्या दोन: टंचाई आणि आपत्ती आराखड्यात प्रत्येक वस्ती, बेडा, तांडा स्वतंत्र नावानं घ्या, आणि अपघात व पीकनुकसानीच्या मदतीला प्रत्यक्ष वहिती ग्राह्य धरा.

त्या बाईची ऑक्टोबरच्या निवेदनावर पहिली सही असेल. आम्ही तिला विचारलं आहे. ती म्हणाली, "मी येतो, पण आधी दवाखान्यात विचारून येतो, लस हाय का नाही." परवा ती तिथं जाऊन आली. लस आहे, असं लिहून घेऊन आली आहे. कागद इथंच आहे, पाहून घ्या.

लढेंगे, जीतेंगे!